टीम ‘हॅज’ की टीम ‘हॅव’?

शंकेखोर:
अहवालात मी ‘द टीम हॅज फिनिश्ड इट्स वर्क’ लिहिलं होतं. इंग्लंडमधल्या क्लायंटनं ‘हॅज’ खोडून ‘हॅव’ केलं, पुढचं ‘इट्स’ मात्र तसंच ठेवलं. शाळेत तर टीम एकवचनी म्हणून घोकून घेतलं होतं. मग खरं काय?

लाल शाई:
दोन्ही खरं. मुद्रितशोधन हेच माझं काम, त्यामुळे मी आधी विचारतो की मजकूर जाणार कुठे. अमेरिकेत टीम, कमिटी, गव्हर्न्मेंट सगळ्यांना सहसा एकवचनच. ब्रिटिश मंडळी मात्र गटातली माणसं डोळ्यांपुढे असली की बिनदिक्कत अनेकवचन वापरतात. क्रीडापानावर ‘इंग्लंड आर’ म्हणजे अकरा खेळाडू; देशाबद्दल बोलताना तेच लोक ‘इंग्लंड इज’ म्हणतील.

पण म्हणून कुठेही ‘हॅव’ ठोकून देता येत नाही. ‘द कमिटी हॅज फाइव्ह मेंबर्स’ घ्या. इथं ‘हॅव’ लिहिलं तर प्रत्येक सभासदाला पाच-पाच सभासद असल्यासारखं वाटेल! वाद घालायचा असेल तर ‘द कमिटी आर आर्ग्युइंग’ ब्रिटिश कानाला छान लागतं, कारण भांडायला माणसं लागतात.

मला खरा राग येतो तो तुमच्या क्लायंटसारख्या अर्धवट दुरुस्तीचा. ‘हॅव’ केलंत ना, मग ‘देअर’ही करा. एकाच वाक्यात गट आधी अनेक आणि लगेच एक कसा होईल?

चौकस:
आणि पोलीस?

लाल शाई:
तिथं पर्याय नाही. पोलीस, पीपल, कॅटल यांना दोन्हीकडे ‘आर’च. एकटाच हवा असेल तर ‘पोलीस ऑफिसर’ म्हणा.

जुनी पानं:
गंमत म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘युनायटेड स्टेट्स’ अनेकवचनी आहे. राजद्रोहाच्या कलमात ‘अगेन्स्ट देम’ म्हटलंय आणि 1865च्या तेराव्या दुरुस्तीतही ‘देअर ज्युरिसडिक्शन’ आहे. आज तिथं ‘इज’ सोडून कुणी काही म्हणत नाही. उलट न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ ‘न्यूयॉर्क’ म्हणून लिहिला तर ‘इज’, ‘यँकीज’ म्हटलं की ‘आर’.

शंकेखोर:
म्हणजे ‘देअर’ करून पाठवतो. अहवालात पुढे ‘द टीम इज’ आणखी दोनदा आलंय, तेही बदलू?

लाल शाई:
ब्रिटनला जाणार असेल तर बदला. फक्त ‘द टीम इज स्मॉल’सारखं काही असेल तर हात लावू नका, नाहीतर माणसंच बुटकी होतील.