मदत हवी आहे: उद्या अख्खा दिवस लोळायचंय, जमवायचं कसं?

कापूरबावडीची_कन्या (रात्री ९.१०)
उद्या कॉम्प ऑफ मिळालाय. लेक मामाकडे नेरुळला, नवरा ऑफिसला. मला दिवसभर पलंगावरून खाली पाय ठेवायचा नाही. मागच्या वेळी असाच दिवस मिळाला तर रील्स बघत बसले. शेवटी चाळीस मिनिटं कुणीतरी गालिचे धुतंय ते बघत होते, आणि संध्याकाळी मान धरली ती धरलीच. तसं नकोय. काय करता येईल? लवकर सांगा, अकराला झोपणार आहे.

घंटाळीकर
ताप आहे का? अंगदुखी? पावसाळा आहे, डेंग्यूची तपासणी करून घ्या आधी.

कापूरबावडीची_कन्या
काहीही झालेलं नाही. फक्त लोळायचंय.

डोंगरवेडा
एवढी सुट्टी आणि अंथरुणात? पहाटे येऊरला जा. संजय गांधी उद्यानाचाच भाग आहे तो, पावसात काय हिरवा होतो! येताना तलावपाळीला मिसळ.

कापूरबावडीची_कन्या
प्रश्न वाचलात का?

सीवूड्सची_मावशी
अगं, आधी पाठीचं बघ. उताणी झोपलीस तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपलीस तर दोन गुडघ्यांच्या मध्ये. जेवून लगेच आडवी होऊ नकोस, आणि झालीसच तर डाव्या कुशीवर. वामकुक्षी म्हणतात ती हीच. दुपारची झोप वीस-पंचवीस मिनिटांची ठेव. तास-दीड तास झोपलीस तर उठल्यावर सकाळ की संध्याकाळ तेच कळत नाही. माझं झालंय तसं, मी संध्याकाळी साडेपाचला दात घासले होते.

मध्यमलहरी
रेडिओ लावा. आकाशवाणी मुंबई, अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झ. डोळे मिटून पडायचं. बघायला काही नाहीच, त्यामुळे पुढचं आणि पुढचं असं होत नाही. खरखर आली तर मोबाइलचा चार्जर बंद करा, एलईडी दिवाही. आमच्याकडे सेट खिडकीत आडवा फिरवला की साफ लागतं.

पिंजारलेला
गादी कुठली आहे? फोमची असेल तर दिवसभर पडून पाठ भाजून निघेल. कापसाची सहा किलोची बनवून घ्या.

सीवूड्सची_मावशी
कापसाच्या गादीला ऊन कोण दाखवणार? जुलैत? आमच्या गॅलरीत रुमाल वाळत नाही. ओलसर गादीवर लोळलं की अंग धरतंच.

पिंजारलेला
आमची आई चाळीत गादी दर उन्हाळ्यात पिंजून घ्यायची. कधी कुणाची पाठ दुखली नाही.

घंटाळीकर
चाळीत दिवसभर लोळायला मिळायचं कुणाला, पाठ दुखायला.

कापूरबावडीची_कन्या
गादी उद्यापर्यंत बदलणार नाहीये. रेडिओ आणि उशी दोन्ही आवडलं. पण वरच्या मजल्यावर टाइल्सचं काम चालू आहे, दहा वाजता ड्रिल सुरू होतं.

घंटाळीकर
हे आता सांगताय! ध्वनिप्रदूषण नियम २००० वाचा, रात्री १० ते सकाळी ६...

कापूरबावडीची_कन्या
ते रात्रीचं झालं. हे सकाळी दहाला.

मध्यमलहरी
मग उशिरा उठूच नका. सातला उठून चहा घ्या, दहापर्यंत लोळा, ड्रिल लागलं की पंख्याचा आवाज आणि रेडिओ. त्यांची जेवायची सुट्टी एक ते दोन असेल, डुलकी तेव्हा.

सीवूड्सची_मावशी
आणि बेल बंद कर गं. दूध, कचरा, कुरिअर, इस्त्री. खरा दिवस तिथेच जातो. चहा थर्मासमध्ये ठेवायचा तर कोरा ठेव, दुधाचा दोन तासांनी आंबूस लागतो.

कापूरबावडीची_कन्या
बेलचा प्रश्न नाही, दार सासूबाई उघडतात.

घंटाळीकर
सासूबाई घरी आहेत???

सीवूड्सची_मावशी
अगं बाई. हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं. त्यांना सांगितलंयस का?

कापूरबावडीची_कन्या
त्या काही बोलत नाहीत हो. खूप चांगल्या आहेत. फक्त दर अर्ध्या तासाने दारात येऊन उभ्या राहतात.

डोंगरवेडा
त्यांनाही येऊरला न्या.

सीवूड्सची_मावशी
आत्ताच जाऊन सांग, "आई, उद्या मी उठणार नाहीये, मला हाक मारू नका." सकाळी सांगितलंस तर रुसवा वाटेल. आणि त्यांच्या दुपारच्या जेवणाचं आज रात्रीच करून ठेव, म्हणजे कुणाला काही विचारावं लागणार नाही.

कापूरबावडीची_कन्या (दुसऱ्या दिवशी, रात्री ८.३५)
सांगते काय झालं. रात्री सांगितलं, त्या "हो हो, पड की" म्हणाल्या. मसालेभात करून ठेवला. सकाळी साडेआठला दारात. "बरं नाहीये का?" नाही आई, बरी आहे. सव्वानऊला आल्याचा काढा. दहाला ड्रिल आणि सासूबाई एकदमच. कपाळाला हात लावून गेल्या. अकराला मी म्हटलं, आई, डोकं दुखतंय. झालं. पडदे ओढले, दार लोटलं, वर जाऊन कामगारांना चारपर्यंत थांबवून आल्या! गुडघ्यांखाली उशी, रेडिओ बारीक, फोन कपाटात. चार वाजेपर्यंत छताकडे बघत पडले होते. फार छान गेला दिवस.

घंटाळीकर
म्हणजे खोटं बोललात.

सीवूड्सची_मावशी
अर्धशिशीच सांगायची होतीस. दोन दिवस मिळाले असते.

पिंजारलेला
पाठ कशी आहे पण?