पक्षीगणना : सगळे पक्षी ओळखू येत नाहीत तरी ‘पूर्ण यादी’ म्हणायचं का?

टेकडीकर_पुणे
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमधे यंदा पहिल्यांदाच भाग घेतोय, वेताळ टेकडीवर जायचा विचार आहे. ईबर्ड, ते पक्ष्यांच्या याद्या नोंदवायचं अ‍ॅप, टाकलंय फोनवर. बुलबुल, साळुंकी, कोतवाल, तांबट, वेडा राघू हे नेहमीचे येतात ओळखू, पण झुडपातले ते बारके मातकट पक्षी, नुसते चक् चक् करत बसतात आणि दिसत काही नाहीत, त्यांचं काय करू? यादी पाठवताना अ‍ॅप विचारतं, ओळखता आलेले सगळे टाकले का, तिथं हो दाबून ‘पूर्ण यादी’ म्हटलं तर खोटं नाही का होणार? आणि पारव्यांचा थवा एकदम उडाला तर मोजायचा कसा??

मैना_नाशिक
दादा प्रश्न परत वाचा, ‘ओळखता आलेले’ म्हटलंय, दिसलेले सगळे नाही. बिनधास्त हो दाबा. कावळे-पारवे काय टाकायचे म्हणून मुद्दाम गाळले असतील तरच नाही म्हणायचं. पूर्ण यादीचा फायदा असा की तीत जे नाही तेही कामाला येतं, तासभर फिरून चिमणी दिसली नाही ही पण माहितीच आहे ना. किती याद्यांत चिमणी आहे आणि कितींत नाही, यावरनं तर पुढे कमी झाली की वाढली ते बघतात. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर २०२३ ला जो अहवाल आला, ९४२ जातींचा, तो असल्याच याद्यांवर उभा आहे. फक्त किमान १५ मिनिटं सलग बघा.

बोरूबहाद्दर
ते चक् चक् वालं बहुतेक ब्लिथचा बोरू वटवट्या असणार, हिवाळी पाहुणा, आपल्याकडं झुडपाझुडपात असतो पण बाहेर येईल तर शप्पथ. खात्री नसेल तर नुसतं ‘वटवट्या, जात माहीत नाही’ असा पर्याय असतो तो निवडा. पारव्यांचं सोपंय, दहा मोजा, तेवढा तुकडा डोळ्यात धरा आणि असे किती तुकडे बसतात ते बघा. आकडा जमलाच नाही तर एक्स टाकता येतो, पण अंदाज कधीही बरा.

रानवाटा९
एवढं कशाला, मर्लिन लावा की, आवाज ऐकून नाव सांगतं

बोरूबहाद्दर
@रानवाटा९ सांगतं, पण ते बघून थेट यादीत नाही टाकायचं हो. कोतवाल हुबेहूब शिक्र्यासारखा (तो छोटा शिकारी पक्षी) ओरडतो, अ‍ॅप शिक्रा म्हणालं की लोक डोळे मिटून शिक्रा लिहितात. नाव आलं तर तिकडं दुर्बीण लावा, दिसला किंवा आवाज स्वतःला पटला तरच टाका.

टेकडीकर_पुणे
आभारी आहे सगळ्यांचा. अजून एक, आम्ही चौघं एकत्र फिरणार, मग चौघांनी वेगळ्या याद्या टाकायच्या का?

मैना_नाशिक
नाही नाही, एकानंच करा आणि बाकीच्यांना शेअर करा, नाहीतर एकच घार चारदा मोजली जाईल 😄