मदत हवी आहे: माशात किडे, लिंबू लावूनही जिवंत! लवकर सांगा

सिडको_किचन:
मीठ-हळद-लिंबू लावून पाऊण तास झाला. आत्ता झाकण काढलं तर तुकडीतून पांढरा दोरा वर येऊन वळवळतोय! नीट पाहिलं तर आणखी तीन. लिंबाने मरत नाहीत का हे? साडेआठला दीर आणि जाऊबाई जेवायला येतायत. तळू की टाकू, एवढंच सांगा. (आमच्याकडे दर रविवारी मासे होतात, त्यामुळे मासा कसा निवडावा वगैरे नको.)

मी_मालवणी:
मासा कसला ते आधी लिहा. "भाजी आणली, कडू निघाली" असं कोणी सांगतं का? कारलं होतं की काकडी?

सिडको_किचन:
सुरमई. पाहुणे येणार म्हटल्यावर दुसरं काय आणणार?

पंचवटीचा_बंड्या:
वहिनी, किडा जिवंत म्हणजे मासा एकदम ताजा! बिनधास्त तळा. वर फुकटचं प्रोटीन.

जंतवाला:
बंड्याभाऊ, तो ताजेपणाचा दाखला नाही. बर्फात हे जंत दिवसच्या दिवस जगतात. जिवंत आहे याचा अर्थ एवढाच, की मासा कडक गोठवलेला नव्हता. ताजेपणा कल्ल्यांवरून बघायचा.
ताई, तीन गोष्टी सांगा. किडे पोटाकडच्या तुकड्यांत आहेत की पाठीच्या? घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले आहेत, की एका टोकाला फुगीर गाठ आणि मागे शेपूट? आणि मासा साफ कधी केला?

सिडको_किचन:
पोटाकडच्या. परीक्षा चालू आहे का? कांदा चिरायचा बाकी आहे माझा.

आजीचा_बटवा:
मसाल्यात चमचाभर वावडिंगाची पूड आणि थोडा ओवा घाल. जंतांवर वावडिंगासारखं औषध नाही. आमच्या मुलांना आम्ही मधातून चाटवत असू.

मी_मालवणी:
आजी, ते पोरांच्या पोटातल्या जंतांवर. सुरमईला ओवा लावला तर मासा वाया आणि ओवाही वाया. कोकमाचं आगळ लावा, त्यापुढे काही टिकत नाही. मुळात घाटावर पोचेपर्यंत मासा म्हातारा होतो, त्याला किडे पडणारच.

पंचवटीचा_बंड्या:
मालवणीभाऊ, मुंबईहून रात्री निघालेली गाडी पहाटे कसारा घाट चढून इथे नाशकात असते. पावणेदोनशे किलोमीटरसुद्धा नाही. तुमच्याकडे काय मासा समुद्रातून थेट तव्यात उडी मारतो?

जंतवाला:
दोघंही थांबा. हे किडे घाटात पडलेले नाहीत, समुद्रातूनच आलेत. माशी बसून पडतात त्या अळ्या वेगळ्या. हा बहुतेक अ‍ॅनिसाकिस. त्याची पूर्ण वाढ देवमासा, डॉल्फिन अशांच्या पोटात होते. अंडी विष्ठेतून पाण्यात, तिथून कोळंबीसारख्या बारीक जीवांत, त्यांना खाणाऱ्या छोट्या माशांत आणि त्यांना खाणाऱ्या सुरमईत. सुरमई थव्यांच्या मागे लांबवर फिरणारी, त्यामुळे जिथे जे खाल्लं तिथला जंत अंगावर घेऊन येते. ऑस्ट्रेलियात याच सुरमईचे थवे कुठून कुठे जातात हे अभ्यासायला शास्त्रज्ञांनी तिच्या अंगातले जंत खुणेसारखे वापरलेत. माणूस त्या साखळीत चुकून येतो.
आणि आगळ, लिंबू, व्हिनेगर यांच्यावर भरवसा ठेवू नका. पोटातल्या आम्लात तगणारा प्राणी आहे, तो लिंबाला काय भीक घालतो! स्पेनमध्ये व्हिनेगरात मुरवलेले कच्चे अँचोवी (छोटे समुद्री मासे) खाऊन लोक आजारी पडतात ते यानेच. खात्रीचे उपाय दोन. एक, तुकडी अगदी मधोमध ६० अंशांच्या वर मिनिटभर तरी शिजणं. दोन, उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवणं. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ चा, त्यामुळे तुम्ही आचेवरच विसंबा.

काचेतले_मासे:
माझ्या टाकीतल्या गप्पीच्या शेपटीखालून लाल धागा बाहेर आलाय. तोच किडा का?

गोदाकाठी:
म्हणून आम्ही समुद्राचा मासा आणतच नाही. गंगापूर धरणातली रोहू घ्या, समोर तोलून मिळते, किड्याबिड्यांची भानगड नाही.

जंतवाला:
गोड्या पाण्यातल्या माशांतही असतात. शिवडा कधी कापलात तर त्याची हवेची पिशवी उघडून बघा, अंगठ्याच्या नखासारखे चपटे जंत सापडतात. गप्पीचं वेगळं प्रकरण, वेगळा धागा काढा.
ताई, साफ कधी केली?

सिडको_किचन:
आज दुपारी! काल सकाळी आणली, दीड किलोची अख्खीच. ह्यांना रीलमध्ये अख्खी सुरमई दाखवायची होती. मग रात्रभर फ्रिजमध्ये तशीच राहिली. फ्रिजमध्येच होती, बाहेर नव्हती. आणि हो, स्प्रिंगसारखेच आहेत.

मी_मालवणी:
रीलसाठी! देवा रे.

जंतवाला:
मग उलगडलं. मासा जिवंत असताना हे जंत बहुतेक आतड्या-यकृताभोवती गुंडाळून असतात. मेल्यावर आतडी आतच राहिली की काही जण पोटाच्या पातळ मांसात शिरतात. बाजारातच पोट साफ करून घेतलं असतं तर बरेचसे तिथेच गेले असते. आता पोटाकडच्या पातळ पट्ट्या कापून टाका. बाकीच्या तुकड्या दिव्यासमोर धरून बघा, दिसेल तो चिमट्याने काढा. जाड तुकड्या असतील तर मधून चिरून अर्ध्या करा, मंद आचेवर झाकण ठेवून तळा. काट्याजवळचं मांस काचेसारखं दिसता कामा नये, पाकळ्या सुटल्या पाहिजेत. मेलेला जंत पोटात जाऊन वाढत नाही.

दवाखाना_रोड:
कच्च्या माशातून जिवंत जंत गेला तर काही तासांत पोटात जबर कळ येते, मळमळ होते. तेव्हा दुर्बीण घालून तो ओढून काढतात, जंताची गोळी घेऊन घरी बसायचं नसतं. तुमच्याकडे तो प्रश्न नाही. पण अ‍ॅलर्जी असलेल्यांना शिजलेल्या जंतानेही त्रास होऊ शकतो, त्यातली काही प्रथिनं उष्णतेने मोडत नाहीत. घरात कुणाला मासे खाऊन अंगावर पित्त उठतं का?

सिडको_किचन:
घरात कुणाला नाही. जाऊबाईंना गेल्या वर्षी बांगडा खाऊन उठलं होतं, ओठ सुजले होते. पण त्या म्हणतात बांगडा शिळा होता.

मी_मालवणी:
हे आत्ता सांगताय???

दवाखाना_रोड:
शिळ्या बांगड्यात हिस्टामिन नावाचा, अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ वाढूनही तसंच होतं, आणि तेही शिजवून जात नाही. मासा, शिळेपणा की जंत, इथे बसून सांगता येणार नाही. त्यांना आज सुरमई देऊ नका, अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.

आजीचा_बटवा:
आमसुलाचं पाणी दे अंगाला लावायला.

सिडको_किचन:
पट्ट्या कापल्या. उजेडात धरून आणखी दोन निघाले. त्यांच्यासाठी पिठलं टाकलंय. ते आले, बेल वाजली. आता पिठलं का, हे त्यांना काय सांगू?

पंचवटीचा_बंड्या:
सांगा रील बघा.

काचेतले_मासे:
वेगळा धागा कसा काढतात?