बॅकअपच्या डिस्कची वायर काढून ठेवा

छोट्या ऑफिससाठी अँटीव्हायरस विकत घ्यावा का, यावर 'पाच-सहा पीसींना विंडोजमधला डिफेंडर (विंडोजसोबतच येणारा अँटीव्हायरस) पुरतो, पैसे घालवू नका' असं एक मत असतं. ते घरच्या पीसीपुरतं पटतं. ऑफिसात मात्र कुठल्या मशीनवर अपडेट अडकलंय, कुणी स्कॅन बंद करून ठेवलाय, हे एका जागी बसून दिसायला हवं. म्हणून अँटीव्हायरस घेताना सेंट्रल कन्सोल (सगळी मशीन एकाच स्क्रीनवरून बघायची सोय) मिळतो का, ते आधी विचारा.

बॅकअपचा मुद्दा मात्र राहिलाच. आमच्याकडे पैसे भरून घेतलेला अँटीव्हायरस होता, तरी मेलमधल्या झिप फाइलमधून रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) शिरलं. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा शेअर्ड फोल्डरमध्ये, बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली. तीही लॉक झाली. पाच महिन्यांची बिलं कागदावरून पुन्हा भरली. आता दोन डिस्क आलटून पालटून वापरतो, बॅकअप झाला की डिस्क कपाटात. आणि पॅच (सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करणारे अपडेट) टाळू नका: वॉनाक्राय हे रॅन्समवेअर मे २०१७ मध्ये पसरलं, त्यावरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता.