साफसफाई सक्तीचीच, तर भाडं वेगळं का दाखवता?

सुरंगी_रत्नागिरी
तारकर्लीला दोन रात्रींसाठी खोली बघितली. अ‍ॅपवर रात्रीला २,२००. पैसे भरायच्या पानावर साफसफाईचे ६००, 'सुविधा शुल्क' ३१०, वर जीएसटी. सफाई नको म्हणायची सोयच नाही, मग तो आकार वेगळा कसा? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. भाव थेंबाथेंबाने वाढवत नेणं त्यात आहे. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून मुक्कामाच्या खोल्या आणि कार्यक्रमांची तिकिटं, या दोन्हींत सक्तीचे आकार धरूनच भाव दाखवावा लागतो. सरकारी कर तेवढा वेगळा चालतो. आपल्याकडे यादी आहे, पण फरक दिसत नाही.

देवबागचो_माड
ताई, माझ्या चार खोल्या आहेत. दिवाळीत मी एकच आकडा टाकला, २,८००. शेजाऱ्याने २,२०० दाखवून पुढे ६०० लावले. लोक 'कमी भाव आधी' लावून बघतात. तो वर, मी कुठे तरी तळाला. जानेवारीत मीही फोडून टाकलं. आमका चोर म्हणू नका.

सुरंगी_रत्नागिरी
दादा, चोर नाही म्हटलं. पण कायदा का हवा ते तुम्हीच सांगितलंत. एकट्याने खरं बोललं की गिऱ्हाईक जातं.

देवबागचो_माड
हवा ना! पण दंड कोणाला? भाडं वेगळं, सफाई वेगळी, या चौकटी अ‍ॅपच देतं. नोटीस मात्र आमच्या दाराला चिकटणार.

खाडीकाठचा
कायद्याने काही होत नाही. २,८०० सांगितलं की "२,००० ला द्या" म्हणणारे आपणच. आणि सुरमईच्या ताटाचं काय? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या दिवसांत भाव कुठच्या कुठे जातो. आधी काय कप्पाळ लिहायचं?

सुरंगी_रत्नागिरी
गल्लत होतेय. भाव रोज बदलू दे, खडूने फळ्यावर लिहा. जेवून उठल्यावर कळता कामा नये, एवढंच.

चिपळूणकर_वकील
सेवा शुल्काचंही तेच. जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने हॉटेलांना ते बिलात आपोआप लावायला मनाई केली, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. बिलात दिसलं तर काढायला सांगा. नाही काढलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन लावा. आणि देवबागवाल्यांचा मुद्दा रास्त आहे. क्लृप्त्यांचे नियम विक्रेत्यांइतकेच अ‍ॅपवाल्यांनाही लागू आहेत, तक्रार करताना अ‍ॅपचं नाव आधी घाला.

खाडीकाठचा
बरं ताई, खोली मिळाली का शेवटी?

सुरंगी_रत्नागिरी
मिळाली, दुसरीकडे. फोनवर बोलून, २,५०० सगळं धरून. सकाळी घावणे देतो म्हणाले.

देवबागचो_माड
घावणे धरून की वेगळे?

सुरंगी_रत्नागिरी
...विचारायचं राहिलं.