मदत हवी आहे: गुडघ्याची वाटी निसटते, सीटीत २१ मिमी आणि एमआरआयत १६. कोणता आकडा धरायचा?

नमस्कार मंडळी,

भाची १६ वर्षांची. नाचताना गिरकी घेतली आणि उजव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला सरकली. पाय सरळ केल्यावर जागेवर आली, पण गुडघा टम्म सुजला. पुढे जिना उतरताना पुन्हा तेच. एक सर्जन म्हणतात, आतल्या बाजूचं फाटलेलं लिगामेंट, म्हणजे एमपीएफएल, नवं बसवलं की पुरे. दुसरे म्हणतात, नडगीच्या हाडावरचा उंचवटाही कापून आत सरकवावा लागेल.

रिपोर्ट असा: वाटी जिच्यात सरकते ती मांडीच्या हाडाची खाच डेजूर टाइप बी (खाचेच्या सदोष आकाराचा एक प्रकार), सल्कस अँगल म्हणजे खाचेचा कोन १५२ अंश. कॅटन-डेशाँ रेशो, म्हणजे वाटी किती उंच बसलीय त्याचं माप, १.३. वाटीचा कल २४ अंश. टीटी-टीजी, म्हणजे नडगीवरचा उंचवटा खाचेपासून किती बाजूला आहे ते अंतर, सीटीवर २१ मिमी, एमआरआयवर १६. वाटीच्या आतल्या कडेला आणि मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कोपऱ्यात बोन ब्रूज (हाडाला आतून मुका मार). सुटा तुकडा नाही.

हे अंतर २० च्या वर गेलं की उंचवटा हलवायचा, असं दुसऱ्या सर्जनचं म्हणणं. पहिल्यांनी फक्त एमआरआय पाहिलाय. मग एक मशीन चुकतंय का? आणि टाइप बी म्हणजे किती वाईट? त्यावर दोघंही काही बोलले नाहीत. नी-कॅपचे ब्रँड कृपया सुचवू नका, नातेवाइकांनी ते काम उरकलंय.

प्रतिसाद १

रेडिओलॉजीत काम करतो. मशीन एकही चुकत नाहीये. एमआरआयच्या कॉइलमध्ये (गुडघ्याभोवती बसवतात त्या साच्यात) गुडघा किंचित वाकलेला असतो, सीटीत बहुधा सरळ. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी बाहेर फिरते, तिच्यासोबत उंचवटाही बाहेर जातो आणि अंतर वाढतं. म्हणून एमआरआयचा आकडा सहसा काही मिमी कमीच येतो. २० ची रेघ लियाँच्या डेजूर मंडळींनी सीटीवरून आखलेली. ती एमआरआयच्या १६ ला लावून ‘नॉर्मल’ म्हणणं मला पटत नाही.

पण २१ वरही फार विसंबू नका. टीटी-टीजी खाचेच्या सर्वांत खोल बिंदूपासून मोजतात. टाइप बी मध्ये खाच सपाटच असते, वरच्या टोकाला मांडीच्याच हाडाचा टेंगूळही असतो. तिथे खोल बिंदू कुठला धरायचा? मोजणारा बदलला की दोन-तीन मिमी सहज इकडेतिकडे. टीटी-पीसीएल, म्हणजे उंचवट्यापासून गुडघ्यातल्या मागच्या क्रुशिएट लिगामेंटपर्यंतचं (पीसीएल) आडवं अंतर, मोजून मागा. ते पूर्णपणे नडगीवरच मोजतात, २४ च्या पुढे गेलं तर दोष खरोखर उंचवट्याच्या जागेत आहे असं धरतात. तेवढं नसेल, तर गडबड खाचेत किंवा हाडाच्या पिळात शोधायची.

बोन ब्रूजची काळजी नको. वाटी परत आत येताना कोपऱ्यावर आदळली, त्याची ती खूण.

प्रतिसाद २

रेशो १.३ कडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय. १.२ च्या वर म्हणजे वाटी उंच बसलीय. गुडघा वाकायला लागला तरी ती खाचेत उशिरा शिरते, आणि तोवर तिला हाडाचा आधार नाही, सगळा भार एमपीएफएलवर. जिना उतरताना निसटण्याशी हे जुळतं. दुसरे सर्जन उंचवटा फक्त आत नेणार की खालीही, ते विचारा. ऑपरेशन वेगळं होतं. आणि ग्रोथ प्लेट (हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा थर) उघडी असेल तर उंचवटा कापत नाहीत, आधी ते बघा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ‘ग्रोथ प्लेट बंद’ असं आहे. टीटी-पीसीएल कुठेच नाही, त्याच एमआरआयवरून मोजून मागतो. मांडीच्या हाडाचा पीळ मोजायला पुन्हा सीटी लागेल का? आधीचा सीटी फक्त गुडघ्याचा आहे.

प्रतिसाद १

हो. खुब्यापासून घोट्यापर्यंतचे काप लागतात. गुडघे आत वळलेले वाटतात का, हे डॉक्टरांनी तिला उभं करून पाहिलंय? नसेल तर आधी तेवढं करून घ्या, मग सीटीचं ठरवा.