पॅन-एशियन रेस्टॉरंटमधला फो: मागवावा की टाळावा?

काडीचमचा:
एकाच मेन्यूत जपानी रामेन, मलेशियन लाक्सा, थायलंडचं पॅड थाई आणि फो दिसला, तर फो मागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेवया घातलेल्या या व्हिएतनामी सूपचा सगळा जीव हाडांच्या पाण्यात असतो. बीफची हाडं आधी 5-10 मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं, हाडं चोळून धुवायची आणि मग नव्या पाण्यात मंद आचेवर 6 ते 12 तास ठेवायची. वर येणारा फेस काढत राहायचं. पाणी खदखदलं की चरबी त्यात फेटली जाते आणि सूप गढूळ होतं. टोंकोत्सु रामेनला (डुकराच्या हाडांच्या सुपातल्या जपानी नूडल्सना) नेमका तोच गढूळपणा हवा असतो, म्हणून ते मुद्दाम खळाखळा उकळतात. दोन्ही एका पातेल्यातून निघूच शकत नाहीत. पाच देशांचं जेवण देणारं किचन पाच पातेली चढवत नाही. एक स्टॉक असतो, बाकी बाटलीतले सॉस.

चक्रफूल:
असहमत. तुम्ही बीफच्या फोचा नियम सगळ्या फोला लावताय. 'फो गा', म्हणजे चिकनचा फो मागवा. अख्ख्या कोंबडीचं पाणी दोन-तीन तासांत तयार होतं, आणि ते साध्या किचनलाही झेपतं. शिवाय फो स्वतःच सरमिसळीतून आला: विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा उत्तर व्हिएतनाम, फ्रेंचांमुळे वाढलेला बीफचा वापर, चिनी वळणाच्या तांदळाच्या शेवया. व्हिएतनामच्या 1954च्या फाळणीनंतर उत्तरेतली माणसं दक्षिणेत गेली, आणि तिथे त्यात मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची पानं, होइसिन हा गोडसर, दाट चिनी सॉस आणि थोडी खडीसाखर आली. हनोईकडचे लोक आजही पातीचा कांदा आणि लसूण घातलेलं व्हिनेगर यावर भागवतात. यातला 'खरा' कुठला?

काडीचमचा:
'खरा' हा शब्द मी वापरलेलाच नाही. पातळ आणि अळणी पाण्यावर भरमसाट सॉस ओतून ते फो म्हणून विकणं, एवढाच माझा आक्षेप आहे. चिकनचा मुद्दा मान्य, पण मसाल्याचं काय? कांदा-आलं आचेवर काळं पडेपर्यंत भाजलेलं नसेल तर चिकनचा फो म्हणजे आजारपणातलं सूप.

निवळशंख:
दोघेही किचनबद्दल अंदाज बांधताय. वाडगा समोर आला की उत्तर तिथेच मिळतं.

लिंबू, सॉस काहीही न घालता आधी दोन-तीन चमचे सूप प्या. ओठ किंचित चिकट झाले तर हाडं खरंच शिजली आहेत. नुसतं खारट लागलं आणि चिकटपणा नाही, तर तयार स्टॉकचा क्यूब किंवा पावडर. औषधासारखा वास आला तर चक्रफूल जास्त झालंय किंवा मसाल्याची पुरचुंडी फार वेळ आत राहिली. चार लिटरला पाच-सहा चक्रफुलं, दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन-चार लवंगा आणि एक मसाला वेलची पुरते, तीही शेवटच्या तासाभरात.

मग शेवया. त्या चपट्या, तांदळाच्या हव्यात. सुक्या असतील तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, मागणी आल्यावर उकळत्या पाण्यात 10-20 सेकंद बुडवायच्या. तळाशी गोळा झाला असेल तर बुडवून मोकळ्या केलेल्या नाहीत. काडीने उचलताच तुटत असतील तर आधीच पूर्ण शिजवून ठेवल्या होत्या. यांत ग्लूटेन नसतं, त्यामुळे गव्हाच्या नूडल्ससारखा ताण धरत नाहीत. गरम सुपात दहा मिनिटं राहिल्या तरी फुगतात. फोटो नंतर काढा. पार्सल घेतलंत तर सूप वेगळ्या डब्यात मागा.

कच्च्या मांसाचे पातळ काप घातलेला फो असेल तर सूप ओतताना उकळतं हवं. काप लालच राहिले तर वाडगा परत पाठवायला लाजू नका.

मुळा_मश्रूम:
मांस न खाणाऱ्यांनी काय करायचं?

चक्रफूल:
'फो चाय', म्हणजे शाकाहारी फो मागवायचा. पांढरा मुळा, भाजलेला कांदा, सुके शिताके मश्रूम आणि तोच मसाला. पण फिश सॉस घातलाय का हे वेगळं विचारा. 'व्हेज' लिहिलेल्या वाडग्यात मांस नसतं, पण पाणी हाडांचंच असतं असंही होतं. अमेरिकेशी झालेल्या युद्धाच्या काळात हनोईत मांसाविना फो मिळायचा, त्याला लोक 'पायलट नसलेला फो' म्हणत, बिनवैमानिकाच्या अमेरिकी टेहळणी विमानांवरून. तो काही मुद्दाम शाकाहारी केलेला चाय नव्हे.

काडीचमचा:
निवळशंख, चाचणी पटली, पण ती पैसे मोजल्यावरची आहे. आधी कळायचा मार्ग एकच: सूप किती तास शिजतं ते विचारायचं. वाढपी गडबडला तर पॅड थाई मागवा.

निवळशंख:
वाढप्याला ते माहीत नसतंच, आत जाऊन विचारून यायला सांगा. आणि होइसिन सुपात ओतू नका हो, बाजूच्या वाटीत घ्या आणि मांस त्यात बुडवून खा. मोड आलेले मूगही मूठभर एकदम टाकलेत तर सूप लगेच निवतं.